तानपुरा ऐकू येतो, मग गायक कुठे गेला?

पत्र:

"मी मिरजेत राहतो. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. घरी चाळीस वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर आहेत. रेकॉर्ड प्लेअर कायमचा बंद पडला तेव्हा नातवानं लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर ॲम्प्लिफायरच्या मागे लावून दिली. वर्षभर रोज पहाटे आणि रात्री ऐकत होतो. दिवाळीनंतर काहीतरी बिघडलं. तानपुरा आहे, पेटी आहे, तबला थोडाफार आहे, पण गायक विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या जुन्या रेकॉर्डी लावल्या तर गाणं जवळजवळ नाहीच, नुसती खरखर. चार्जर लावला की गायक परत येतो, पण मागे सतत 'घूं' चालू. चार्जर काढला की घूं बराच कमी होतो आणि गायकही जातो. आवाज लहान म्हणून वायर 'फोनो' लिहिलेल्या भोकात लावून पाहिली, तर आवाज मोठा झाला पण फाटका. एका दुकानात म्हणाले, ॲम्प्लिफायर भंगारात द्या. दुसऱ्या दुकानात म्हणाले, तीन हजारांचं बाहेरचं साउंड कार्ड घ्या, म्हणजे लॅपटॉपमधून आवाज बाहेर काढणारी डबी. घरचे म्हणतात, वय झालं, कान दाखवून घ्या. लॅपटॉपच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरवर मात्र गाणं नीट ऐकू येतं. काय करू?"

उत्तर:

नमस्कार सर,

आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर तेच गाणं नीट ऐकू येतं, म्हणजे कान शाबूत आहेत. वयानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, शब्दातले स, श, त, थ नीट कळेनासे होतात. चार्जर काढला म्हणून गायक गेला आणि लावला म्हणून आला, असं कुठल्याही कानाला होत नाही. चारचौघांच्या बोलण्यातले शब्दही निसटत असतील तर तपासणी जरूर करा, पण ती वेगळी गोष्ट. या बिघाडापायी स्वतःच्या कानांवर शंका घेऊ नका.

हे एवढं ठासून लिहितेय त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं. ती रोज सकाळी अभंग ऐकायची. एक दिवस म्हणाली, टाळ-मृदंग ऐकू येतोय, म्हणणारा कुठे गेला? मी घाईत होते. माझ्या हेडफोनवर ऐकून पाहिलं, नीट होतं, आणि मी म्हणाले, आई, वय झालं आता. तिनं दोन महिने काही लावलंच नाही. दोष निघाला एका वायरीत. ते दोन महिने मला अजून टोचतात. म्हणून तुमच्या घरच्यांनीही हे उत्तर वाचावं असं फार वाटतं.

तर सर, माझ्या मते तुमचा दोषही वायरीतच आहे. ॲम्प्लिफायर ठीक आहे, लॅपटॉपही ठीक आहे. दोघांना जोडणाऱ्या वायरीतली परतीची वाट तुटली आहे. तुम्ही सांगितलेली एकेक खूण त्या एकाच जागी बोट दाखवते. वरवर पाहता त्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून दोन्ही दुकानांत चकले असावेत.

वायरीच्या आत काय असतं ते पाहू. लॅपटॉपकडच्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन असते. ती उजेडात धरून बघा, पिनेवर दोन बारीक काळ्या रेघा दिसतील. त्या रेघांमुळे पिनेचे तीन भाग पडतात. टोकाचा भाग डाव्या स्पीकरचा, मधला उजव्याचा, आणि मुठीलगतचा भाग दोघांचा सामाईक. या सामाईक भागाला आपल्याकडे सगळे ग्राउंड म्हणतात. डावा आवाज टोकातून जातो, उजवा मधल्या भागातून, आणि परत येताना दोघेही या ग्राउंडवरून येतात. वीज गेली तशी परत यावी लागते, हे तुम्ही शाळेत अनेकदा सांगितलं असेल.

आता ही सामाईक वाट तुटली असं धरा. डाव्या बाजूनं निघालेल्या विजेला परत यायला एकच मार्ग उरतो, उजव्या बाजूचा. पण तिकडूनही काहीतरी निघालेलंच असतं. दोन हौद नळीनं जोडलेत आणि दोन्हींतलं पाणी एकाच पातळीला आहे, तर नळीतून पाणी वाहत नाही. पातळीत फरक असेल तेवढंच वाहतं. इथेही अगदी तेच होतं. डाव्या आणि उजव्या बाजूत जे सारखं आहे ते नाहीसं होतं आणि जे वेगळं आहे तेवढंच स्पीकरपर्यंत पोचतं.

स्टीरिओ ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी वेगवेगळा आवाज असतो, आणि गायकाला बहुतेक वेळा बरोबर मधे ठेवतात. मधे ठेवतात म्हणजे त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच सोडतात. पेटी एका अंगाला, तबला दुसऱ्या अंगाला, तानपुरे दोन्हीकडे पसरलेले. म्हणून मधला गायक गेला आणि कडेचे साथीदार राहिले. तुम्ही जो 'विहिरीच्या तळातून' आवाज म्हणता तो गायकाच्या आवाजाची घुमक आहे. घुमक दोन्ही बाजूंना थोडी वेगवेगळी असते, म्हणून ती तेवढी मागे राहते. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आवाज कुठल्या दिशेनं येतोय हेच कळत नाही, डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटतो. दोन्ही स्पीकरना तोच फरक मिळतो, पण एकमेकांच्या उलट. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. गाण्यातला गळा काढून नुसतं संगीत ठेवणारी कराओकेची जुनी युक्ती हीच, एका बाजूतून दुसरी वजा करायची. तुमची वायर ती वजाबाकी न सांगता करतेय.

खाँसाहेबांच्या रेकॉर्डींनी तर माझी उरलीसुरली शंकाही घालवली. खाँसाहेब १९३७ साली गेले. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. म्हणजे त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मोनो, डावी-उजवी बाजू तंतोतंत एक. एकातून दुसरी वजा केली की काहीच उरणार नाही. मग खरखर कुठून आली? जुनी तबकडी संगणकात उतरवताना बहुतेकदा स्टीरिओ सुई वापरतात. खाचेच्या दोन भिंतींवरचे ओरखडे आणि धूळ वेगवेगळी असते, म्हणून प्रत्येक भिंतीची खरखर वेगळी उतरते. गाणं दोन्ही भिंतींवर एकच. वजाबाकीत गाणं गेलं, खरखर राहिली. काही फायलींत पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा बुळबुळीत आवाजही येईल. एमपीथ्री करताना आवाज दाबून लहान केलेला असतो, त्याचा तो गाळ. एरवी गाण्याखाली झाकलेला असतो, गाणं गेल्यावर उघडा पडतो.

आता चार्जर. लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असणार. ॲम्प्लिफायरचा प्लगही तीन पिनांचा असणार, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी पैजेवर सांगते. चार्जर लावला की लॅपटॉपचं ग्राउंड तिसऱ्या पिनेतून घराच्या अर्थिंगला मिळतं, तिथून ॲम्प्लिफायरच्या तिसऱ्या पिनेला. वायरीत तुटलेली परतीची वाट भिंतीतून फिरून पुरी होते, म्हणून गायक परत येतो. पण त्या वाटेवर फ्रिज आहे, पंखा आहे, पाण्याची मोटर आहे. त्यांची घरघर आवाजात मिसळते. तुमच्याकडे पेटी असली तर एक पडताळा घ्या. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्यामुळे घूं मधे ५० आणि १०० कंपनांचे सूर असतात. पेटीची पांढरी पाच दाबा. खालच्या सप्तकातली पांढरी पाच पेटीप्रमाणे ९८ किंवा त्याच्या दुप्पट कंपनांची असते, तेव्हा घूं तिच्या किंचित वर चढलेला लागेल. तो स्थिर असेल तर विजेचा. माउस हलवला की किरकिर बदलत असेल तर ती संगणकाच्या आतली. तुम्ही 'सतत घूं' लिहिलंय, म्हणजे पहिला प्रकार.

एवढं सगळं मी इथे बसून सांगतेय, तेव्हा खात्री तुम्ही स्वतः करून घ्या. पैसे लागणार नाहीत.

सगळ्यात आधी फोनोतली वायर काढा, आजच. आधी ॲम्प्लिफायरचं बटण बंद करा, मग काढा. फोनोचं भोक रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं. सुईतून जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास निघतात, म्हणून ॲम्प्लिफायर तिथला आवाज प्रचंड वाढवतो, आणि त्यातही खालचे सूर जास्त, कारण तबकडीत ते मुद्दाम कमी करून कोरलेले असतात. लॅपटॉपमधून व्होल्टभर येतो. तो तिथे घातला की फाटणारच, आणि घूं दुप्पट-तिप्पट होणार. वायर 'ऑक्स' किंवा 'टेप' किंवा 'ट्यूनर' लिहिलेल्या भोकात लावा. पांढरी पिन डावीकडची, लाल उजवीकडची.

मग चार्जर काढून, बॅटरीवर, गायक गायब असलेलं एखादं गाणं चालू करा. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथे ॲक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ. तिथे मोनो ऑडिओ नावाची कळ आहे. लॅपटॉप जुना असेल तर ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ईझ ऑफ ॲक्सेस लिहिलेलं असेल. ती कळ चालू केली की दोन्ही बाजू सक्तीनं एकसारख्या होतात. वायर चांगली असेल तर काही बिघडणार नाही, गाणं फक्त मधे गोळा होईल. परतीची वाट तुटलेली असेल तर तानपुरा, पेटी, तबला सगळंच जाईल, जवळजवळ शांतता होईल. ही शांतता ऐकलीत की शोध संपला. कळ परत बंद करायला विसरू नका.

त्यानंतर वायर बोटांत धरा, पिनेच्या मुठीलगत, जिथे ती रबरातून बाहेर पडते. हळूच एका बाजूला वाकवा, मग दुसऱ्या. कुठल्यातरी एका कोनात गायक एकदम समोर येऊन उभा राहील, आणि बोट सैल केलं की पुन्हा मागे जाईल. माझ्या आईच्या वायरीत तो क्षण आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ग्राउंडच्या तारा केसासारख्या बारीक असतात, रोज एकाच जागी वाकून एकेक तुटत जातात. लॅपटॉप मिटताना वायर त्याच्याभोवती घट्ट गुंडाळायची सवय असेल तर वर्षभरात एवढं होतं.

जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचं यंत्र, असेल तर दोन मिनिटांत पक्कं होईल. त्याला सांगा, बीप करणाऱ्या खुणेवर ठेव. एक काडी पिनेच्या मुठीलगतच्या भागाला, दुसरी पांढऱ्या पिनेच्या बाहेरच्या कड्याला. बीप यायला हवा. मग लाल पिनेच्या कड्याला लावून पाहा, तिथेही यायला हवा. तुमच्या वायरीत तो येणार नाही, किंवा वायर हलवली की येऊन-जाऊन राहील.

नवीन वायर दीडदोनशे रुपयांपासून मिळते. दुकानात सांगताना नेमकं सांगा: एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी पिन, तिला आरसीए म्हणतात. लांबी दीड-दोन मीटर पुरे. पिनेवर दोनच काळ्या रेघा आहेत ना, हे दुकानातच मोजून घ्या. सेट-टॉप बॉक्सबरोबर येणारी पिवळी-पांढरी-लाल वायर कुणी दिली तर घेऊ नका, नातवानं कपाटातून काढून दिली तरी नको. तिच्या पिनेवर तीन रेघा असतात, चार भाग असतात, आणि कुठला भाग कशाचा याचा क्रम सगळीकडे एक नसतो. लॅपटॉपशी तो जुळेलच असं नाही, आणि मग एक नवंच कोडं मागे लागतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या हजार रुपयांच्या वायरीचीही गरज नाही. मूठ जाडसर असावी आणि वायर निघते तिथे रबराचा लवचिक गळा असावा, तोच टिकतो. लावताना ॲम्प्लिफायरच्या मागची भोकं कोरड्या फडक्यानं पुसा. हिरवट गंज दिसला तर नवी पिन आत घालून चार-पाच वेळा गोल फिरवा, पृष्ठभाग घासून निघतो.

लॅपटॉपनं कधी पिन घातल्यावर विचारलं की हे काय जोडलंत, तर हेडफोन निवडा. आवाज लॅपटॉपवर जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरच्या बटणानं करा. आवाज 'सुधारण्याच्या' ज्या काही कळा लॅपटॉपमध्ये असतील त्या बंद ठेवा, ख्यालाला त्यांची गरज नाही.

घूं मात्र नव्या वायरीनं पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही. खूप कमी नक्की होईल. थोडा उरला तर लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर ऐकताना चार्जर काढून ठेवा. नवी वायर लावल्यावर बॅटरीवरही गायक जागेवरच राहील, तेव्हा तासाभराच्या बैठकीला हे पुरतं. वायरीच्या मधे बसवायची एक छोटी डबी मिळते, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात. तिच्यात दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो आणि तारेचा थेट संबंध तुटतो. काम करते, पण स्वस्तातली डबी खर्जातला भरीवपणा खाते. तानपुऱ्यांच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते चालणार नाही, म्हणून मी ती शेवटी ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू नका: घूं घालवायला तिसरी पिन कापणं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालणं. घूं जाईल, पण उद्या ॲम्प्लिफायरच्या आत एखादी तार पत्र्याला टेकली तर तो पत्रा तुमच्या हाताला वीज देईल. चाळीस वर्षांच्या यंत्रात तार टेकायला वेळ लागत नाही. पत्र्यावर हात फिरवताना झिणझिण्या आल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा असतो, उन्हाळ्यात तो वाळतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्डा कुठे आहे हे घरात माहीत असेल तर उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

राहता राहिली ती दोन दुकानं. आवाज वायरीत अडकलेला असताना ॲम्प्लिफायर भंगारात देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तो विकू नका. चार्जर लावल्यावर गायक परत येतो याचा अर्थ त्याच्या दोन्ही बाजू अजून धडधाकट आहेत. साउंड कार्डाचे तीन हजारही आत्ता नकोत, कारण त्याच्यापुढेही हीच वायर लागणार आणि गायक तसाच गायब राहणार. चांगल्या वायरीवर, चार्जर काढूनही, लॅपटॉपची किरकिर ऐकू येत असेल तरच त्याचा विचार करू.

नवी वायर लावलीत की पहिल्यांदा खाँसाहेबच लावा. मोनो रेकॉर्ड ही उत्तम कसोटी आहे. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज दोघांच्या मधोमध, समोरच्या रिकाम्या जागेतून येतोय असं वाटायला हवं. तसं झालं नाही तर मला तीन गोष्टी कळवा: पिनेवर काळ्या रेघा किती आहेत, वायर ॲम्प्लिफायरच्या कुठल्या भोकात आहे, आणि मोनोची कळ चालू केल्यावर काय झालं. पुढचं उत्तर त्यावरून देईन.